जिंकलेल्या वस्तूंची साक्ष



शिरूर तालुक्याच्या शिवेवरून वाहत दौंडला येणारी आपली भीमा जिथे उगम पावते, तिथे भीमाशंकराच्या देवळापुढे एक मोठी घंटा आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. ती मुळात देवळासाठी ओतलेली नव्हे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्यांतली ही एक. तिच्यावरच्या ख्रिस्ती खुणा कुणी घासून टाकल्या नाहीत. म्हणूनच आपण कुठल्या हे ती आजही सांगू शकते.

शत्रूची वस्तू आठवण म्हणून जपण्याची हौस सगळ्या जगात आहे. तिची एक दूरच्या समुद्रातली हकीकत आज सांगतो.

मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली. समुद्रातल्या जर्मन पाणबुड्यांना हुकूम सुटला, की वर या, ठावठिकाणा कळवा आणि सांगितलेल्या बंदराकडे चला. दीडशेच्या वर पाणबुड्या अशा दोस्तांच्या ताब्यात आल्या.

ही नुसती विलायतेतली गोष्ट आहे, असे मात्र समजू नका. १९४३ साली जर्मनीने हिंदी महासागराकडे पाणबुड्यांची जी तुकडी धाडली, तिचे नावच मुळी ‘मॉन्सून’ होते. त्या तुकडीतल्या यू-५३२ ने ऑक्टोबर १९४३ मध्ये मुंबईच्या सिंदिया कंपनीची ‘जलबाला’ ही आगबोट आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ बुडवली. हीच पाणबुडी पुढे पूर्वेकडून कथील, रबर आणि क्विनीन घेऊन मायदेशी निघाली. पण वाटेतच युद्ध संपले आणि ती इंग्रजांच्या स्वाधीन झाली.

अशा बोटींवर चढलेल्या खलाशांच्या हाती काय लागले? भिंतीवरचे घड्याळ, दुर्बीण, निशाण, यंत्रावरची पट्टी. मोडीच्या बाजारात त्यांची किंमत ती काय! पण नोव्हेंबर १९४५ ते फेब्रुवारी १९४६ या काळात ११६ पाणबुड्या आयर्लंडच्या वायव्येस समुद्रात बुडवण्यात आल्या. यू-५३२ ही त्यांतच गेली. वादळी हवेमुळे कित्येक बोटी तर ठरलेल्या जागी पोचण्याआधीच तळाला गेल्या. बोट गेली, घड्याळ उरले. साक्षीदार म्हणायचा तो आता तेवढाच.

पण साक्षीदाराला बोलता आले पाहिजे. ते घड्याळ कोणत्या बोटीवरचे, कुणी, कधी, कोणत्या बंदरात घेतले, हे लिहून ठेवले नाही, तर आणणाऱ्याच्या माघारी ते केवळ एक बंद पडलेले घड्याळ होते. नातवंडे ते विकतात, नाहीतर खोटी कहाणी चिकटवतात.

दुसरा प्रश्न न्यायाचा. बोटीचे घड्याळ सरकारी, जिंकणाऱ्या सरकारच्या हाती येणारे. पण शरण आलेल्या खलाशाच्या मनगटावरचे घड्याळ? १९२९ च्या जिनिव्हा कराराने स्पष्ट सांगितले होते, की शस्त्रे, लष्करी सामान आणि लष्करी कागद सोडून कैद्याच्या अंगावरच्या खाजगी वस्तू त्याच्याकडेच राहाव्यात. १९४९ च्या करारातही तेच तत्त्व आहे. हात वर केलेल्या माणसाच्या खिशातून काढलेली वस्तू ही विजयाची खूण नव्हे; ती चोरीच. दोन्ही घड्याळे पुढे एकाच कपाटात टिकटिकतील, पण दोघांची साक्ष निराळी.

मंडळी, आपल्या भागातल्या कितीतरी घरांतून माणसे फौजेत गेली. माळ्यावरच्या ट्रंकेत एखादे बिल्ल्याचे पितळ, परदेशी नाणे, काडतुसाची टोपी पडलेली असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती ट्रंक उघडा. घरात वडीलधारे असतील तर त्यांना विचारा आणि त्यांचे शब्द वहीत उतरवून घ्या. नगरचे रणगाड्यांचे संग्रहालय आपल्याला जवळचे; तिथे मुलांना न्या. मात्र लोखंड पाहायला नव्हे, त्यापुढची पाटी वाचायला न्या.

आणि ट्रंकेतून निघालेली वस्तू न्यायाने आलेली नाही, असे कळले तर? तर तेही लिहा. भीमाशंकरची घंटा आपले पहिले घर लपवीत नाही. आपण तरी का लपवावे?