गोळी सुरू आहे ना?



नवी मुंबईपासून काही अंतरावर, कर्जतजवळ, श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे.
रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर तिथे उपचार होतात.
याच कामासाठी केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

रुग्ण सावरला, की सामाजिक कार्यकर्ते त्याला घरी पोहोचवतात.
पण घरी गेल्यावरही गोळी सुरूच ठेवायची असते.

कार्यकर्ता औषध लिहून देत नाही.
पण औषध काय करतं, हे त्याला ठाऊक हवंच.

नैराश्यावरची गोळी लागू पडायला काही आठवडे जातात.
मळमळ मात्र पहिल्या काही दिवसांतच होऊ शकते.
मग माणूस वैतागतो, गोळी सोडून देतो.
हे आधी सांगितलं, तर धीर धरता येतो.

काही औषधांनी हात थरथरतात, अंग ताठरतं, एका जागी बसवत नाही.
घरच्यांना वाटतं, आजारच वाढला.
तसं नसतं. डॉक्टरांना कळवा. त्यावर उपाय असतो.

लिथियम हे मनोविकारावरचं औषध घेणाऱ्यांना तर फार जपायला हवं.
नवी मुंबईतल्या वाशी-नेरूळच्या दमट उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात.
अंगातलं पाणी कमी झालं,
की रक्तातलं लिथियम धोकादायक प्रमाणात वाढू शकतं.
उलट्या, जुलाब, झोक जाणं दिसलं,
तर लगेच रुग्णालय गाठा.

आणि पुन्हा सांगते:
गोळी स्वतःहून बंद करू नका.
आधी डॉक्टरांशी बोला.

शंका असेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला फोन करा. फोन मोफत आहे.
नंबर लिहून घ्या: १४४१६.
एक, चार, चार, एक, सहा.