आधुनिक तोतये आणि आपली कागदपत्रे
(तालुका ग्रंथालयाच्या सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक व सरकारी कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाची संहिता)



१७६१ साली पानिपतच्या रणावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांनी ‘मीच भाऊसाहेब’ असे म्हणत एक मनुष्य उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले आणि १७७६ साली त्याला देहांत शासन होईपर्यंत पुण्याच्या कारभाऱ्यांना स्वस्थता लाभली नाही. त्या तोतयाला निदान आपला चेहरा घेऊन लोकांपुढे यावे लागले. भाऊसाहेबांना पाहिलेली माणसे हयात होती. त्यांना विचारून खरेखोटे करता आले. आजच्या तोतयाला चेहऱ्याचीही गरज उरलेली नाही. आपले नाव, बारा आकडी आधार क्रमांक, पॅन कार्डाची प्रत, सहीचा नमुना आणि अंगठ्याचा ठसा, एवढ्या भांडवलावर तो दूर कोठेतरी बसून ‘आपण’ होतो. आणि हे भांडवल त्याला बहुतेक वेळा आपल्याच हातून गेलेल्या कागदांतून मिळते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपण आपले कागद किती ठिकाणी ठेवून येतो, याचा कधी हिशेब केला आहे काय? सिमकार्ड घेताना एक प्रत, लॉजवर उतरताना एक, हप्त्याने फ्रीज घेताना एक. झेरॉक्सच्या दुकानात तर आपण आधारचे छायाचित्र दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, प्रत घेतो आणि निघून येतो. छायाचित्र त्याच्या फोनमध्ये राहते. काळी उमटलेली प्रत टोपलीत राहते. दुकानदार सज्जन असेल, पण टोपली कोण उचलतो ते त्यालाही ठाऊक नसते. म्हणून बिघडलेली प्रत मागून घ्यावी व पाठवलेले चित्र आपल्यासमोर पुसावयास लावावे. यात संकोच कसला? द्यावयाच्या प्रतीवर, छापील मजकुरावरून जाईल अशा रीतीने, ‘केवळ अमुक कामासाठी अमुक कार्यालयास सादर’ असे लिहून तारीख व सही करावी. तशी प्रत दुसरीकडे खपवणे कठीण जाते. जेथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तेथे मास्क्ड आधार द्यावे; त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात.

आता अंगठ्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण ग्रामीण भागातील धोका येथे अधिक आहे. गावात येणाऱ्या बँक मित्राच्या लहानशा यंत्रावर आधार क्रमांक सांगून, बँकेचे नाव निवडून अंगठा टेकला की रोकड मिळते. त्यासाठी ना कार्ड लागते, ना पिन, ना मोबाईलवर येणारा ओटीपी. वृद्धांची व निरक्षरांची ही मोठी सोय आहे, आणि ती नाकारा असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु पिन बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. तेलंगणातील पेद्दपल्ली जिल्ह्यात २०१८ साली सिमकार्डांच्या धंद्यातील एकाने जमिनीच्या नोंदणीचे दस्त संकेतस्थळावरून उतरवून घेतले, त्यांवरील अंगठ्यांवरून रबरी शिक्क्याच्या यंत्रावर नकली ठसे बनवले आणि हजारो सिमकार्डे परक्या नावांनी चालू केली. २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या कर्नाटकात, नोंदलेल्या दस्तांवरील आधार क्रमांक व ठसे वापरून खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी आल्या. ज्यांचे पैसे गेले, त्यांनी कोणालाही काही सांगितले नव्हते. त्यांनी फक्त घर किंवा जमीन घेतली होती!

यावर उपाय आहे. आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपवरून वा संकेतस्थळावरून आपले ठसे कुलूपबंद करता येतात; मग खरा असो वा नकली, अंगठा यंत्र स्वीकारत नाही. मात्र रेशनच्या दुकानात जाण्यापूर्वी कुलूप तात्पुरते उघडावे लागते, आणि त्यासाठी आधारला स्वतःचाच मोबाईल जोडलेला हवा. घरोघरी शिकलेली मुले आहेत. आजीचा अंगठा बंद करण्याचे दहा मिनिटांचे काम त्यांनी करावे. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हेही ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. अनोळखी क्रमांक दिसला तर तेथेच कळवावे.

येथे माझ्या सहकाऱ्यांना दोन शब्द. ग्रामस्थांना सावध राहा म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या प्रती आपल्याच कपाटांत आहेत. लाभार्थ्यांचे अर्ज रद्दीत जातात आणि त्यांच्या पाठीमागे भजी बांधून येतात, हे कोणत्याही खात्याला शोभणारे नाही. जुने कागद नियमाप्रमाणे फाडून नष्ट करावेत. शिक्षक मंडळींनी शिष्यवृत्तीची यादी मुलांच्या आधार व खाते क्रमांकांसह पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये; नाव आणि इयत्ता पुरेशी असते. खेड्यातला माणूस कागद मागितला की देतो, कारण मागणारा सरकारी असतो. त्या विश्वासाचे ओझे आपल्यावर आहे.

इतके करूनही घात झालाच तर लाजून घरी बसू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन करावा. वेळीच कळले तर पैसा पुढच्या खात्यात अडवला जाण्याची शक्यता असते. त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी व पासबुक भरून आणावे. दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा ओळखीची अन्य खूण लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाचा व एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे. तेव्हा ‘रक्कम लहान आहे’ असे सांगून कोणी परत पाठवू लागले, तर या कलमाचा उल्लेख करून अर्ज नोंदवूनच घ्यावा.

सभा संपल्यावर ज्यांना ठसे बंद करावयाचे आहेत, त्यांनी मोबाईल व आधार घेऊन वाचनकक्षात थांबावे. ग्रंथपालांनी दोन विद्यार्थी मदतीला बसवले आहेत. ओटीपी आला तर तो त्यांना न सांगता स्वतः भरावा.