वाचता येणं आणि कळणं



दर रविवारी सकाळी अवधपुरीतल्या आमच्या घरी आठ-दहा मुलं मराठी वाचायला येतात. कुणाचे आजोबा भेलमध्ये होते, कुणाचे पणजोबा १९५६ साली राजधानी भोपाळला आल्यावर नागपूरहून सरकारी फायलींबरोबर इथे आले. घरी मराठी, शाळेत हिंदी-इंग्रजी, अशी ही मुलं. तुमच्याही घरात असं एखादं असेलच.

एका रविवारी मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. ‘मुलांनी म्हाताऱ्याची चेष्टा केली. गुरुजींनी त्यांना शिक्षा केली. मुलं रडत घरी गेली.’ सातवीतल्या एका मुलीनं ती एका दमात, कुठेही न अडखळता वाचली. अर्थ विचारला, तर म्हणाली, “मुलांनी त्या बाबांसाठी खूप कोशिश केली, म्हणून सरांनी त्यांना शिकवलं.” मी विचारलं, “मग रडली का गं?” जरा थांबून म्हणाली, “अभ्यास कठीण असेल.”

तुम्ही हसलात. मीही हसलो. पण त्या उत्तरानं मला पुढे बरेच दिवस सोडलं नाही.

शब्दांचा घोटाळा तर उघड आहे. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि शिक्षा म्हणजे शिक्षण. संसार, यातायात, आपत्ती, खाली, असे कितीतरी शब्द दोन्ही भाषांत एकाच वेषात वावरतात आणि अर्थ मात्र वेगळाच सांगतात. परदेशातल्या मराठी मुलाला अक्षरापासून सुरुवात करावी लागते. आपल्या मुलांना लिपी शाळेतूनच फुकट मिळते, वर नवा शिकायचा तो एक ‘ळ’. म्हणूनच आपली फसगत होते. नातवानं मराठी कथा खडाखडा वाचली की आजी समाधानानं चष्मा काढून ठेवते. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली हे गणितासारखं मांडलं: वाचून कळणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच.

पण शब्दांचं दुखणं कोशानं बरं होतं. मला जास्त काळजी वाटली ती तिसऱ्या वाक्याची. मुलं रडत घरी गेली, हे तिच्या अर्थाशी जुळत नव्हतं, आणि तरीही ती थांबली नाही. मी टोकल्यावर तिनं वाक्याला आपल्याकडचं कारण चिकटवून दिलं. हीच मुलगी शाळेतलं विज्ञानाचं पुस्तकही असंच वाचत असणार, इंग्रजीत. आणि तिला मार्क चांगले पडतात! त्यामुळे घरात कुणाला शंकाही येत नाही. एखाद्या वर्षी प्रश्न फिरवून विचारले जातात, मार्क कोसळतात, आणि मग आपण म्हणतो, ‘पोरगी आळशी झाली.’

म्हणून मुलाला पहिली गोष्ट शिकवायची ती थांबण्याची. परिच्छेद संपला की पेन्सिल खाली ठेवायची आणि स्वतःला विचारायचं: हे मागच्याशी जुळतंय का? जुळत नसेल तर समासात एक प्रश्नचिन्ह. आमच्या वर्गात ज्याच्या पानावर प्रश्नचिन्हं जास्त, त्याचं कौतुक होतं. सुरुवातीला मुलं लाजत होती, कारण शाळेत अडणं म्हणजे कमीपणा. ती पिवळी हायलायटरची शाई मात्र मी दाराबाहेर ठेवायला लावतो. तिनं अख्खं पान पिवळं होतं, डोक्यात काही शिरत नाही, आणि अभ्यास झाल्याचा भास तेवढा होतो.

तसाच भास पुन्हापुन्हा वाचण्याचा. इथे एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी कागद मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं विचारलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला ‘सगळं येतंय’ असं का वाटतं आणि पुढच्या महिन्यात ते का उडून जातं, हे या आकड्यांत दिसतं.

आता तुमच्यातले काही म्हणतील, मग आमचं पाठांतर काय वाईट होतं? वाईट नव्हतंच. दिवेलागणीला रामरक्षा आणि पाढे म्हणताना पुस्तक मिटलेलंच असायचं. आठवून म्हणणं हाच त्यातला खरा व्यायाम होता. उणीव एवढीच की म्हणून झाल्यावर ‘म्हणजे काय?’ असं कुणी विचारलं नाही, आणि आपण विचारलं तर ‘आगाऊपणा करू नकोस’ ऐकावं लागलं. आपल्या परंपरेत श्रवणानंतर मनन सांगितलेलं आहे, समर्थांनी दासबोधात श्रवणावर समास लिहिले. घराघरांतून मननाचा भाग तेवढा गळाला.

लिहून घेण्याचंही तसंच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. अठरा रविवारांत अठरा अध्याय झाले, आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. बोलण्याच्या वेगानं लिहायचं तर मनात अर्थ लागत जावा लागतो. आपली मुलं फळ्यावरचं उतरवतात किंवा मोबाइलवर फोटो काढतात. त्यात अर्थाची गाठ कुठेच पडत नाही.

उदाहरणासाठी फार लांबही जायला नको. इथून दोन-अडीच तासांवर होशंगाबाद, म्हणजे आताचं नर्मदापुरम. तिथे १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरनं सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. पुढे आपल्या भोपाळच्या एकलव्य संस्थेनं तो वाढवला. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत तयार उत्तरं नसत. प्रयोग करायचे, दिसलं ते वहीत लिहायचं, त्यावरून उत्तर काढायचं. आठवीच्या परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायला परवानगी होती. उघड्या पुस्तकात उत्तर सापडत नाही असा प्रश्न काढणं शिक्षकाला किती जड जात असेल, याचा विचार करा. २००२ साली सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. माझ्या मते आपल्या राज्यानं त्या दिवशी हातातली चांगली गोष्ट टाकून दिली. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी चहाच्या वेळी वाद घालायला मी तयार आहे.

आमच्या रविवारच्या वर्गात आता मुलं आळीपाळीनं गुरुजी होतात. पॅलिन्क्सर आणि ब्राउन या दोन बाईंनी १९८४ साली मांडलेली ही रीत. गुरुजी झालेल्या मुलानं चार कामं करायची: परिच्छेदाचं सार सांगायचं, त्यावर प्रश्न विचारायचा, अडलेलं सोडवायचं आणि पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. पहिले काही आठवडे प्रश्न यायचे ते ‘राजाचं नाव काय?’ छापाचे. ‘राजानं खोटं का सांगितलं?’ हा प्रश्न यायला दिवाळी उजाडली. घाई करून उपयोग नाही.

तुम्हाला घरी करण्यासारखं एकच सांगतो, कारण ते भोपाळमधल्या मराठी घरालाच नीट जमेल. मूल शाळेचा धडा हिंदीत किंवा इंग्रजीत वाचतं. रात्री जेवताना त्याला तो धडा मराठीत सांगायला लावा. पुस्तकातली वाक्यं तशीच्या तशी म्हणता येत नाहीत, कारण ती दुसऱ्या भाषेत आहेत. घोकलेलं तिथेच उघडं पडतं. बाष्पीभवन शब्द आला नाही तरी चालेल, ‘पाणी उन्हानं वर जातं’ म्हणू दे. तुम्ही चुका काढू नका, खरंच न कळल्यासारखं विचारा. आजी-आजोबांना याचं सोंग फारसं करावं लागणार नाही, आजकालच्या धड्यांतलं बरंचसं आपल्याला खरोखरच ठाऊक नसतं.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात तिनं एका कथेच्या समासात प्रश्नचिन्ह केलं होतं. वाक्य साधंच होतं: ‘म्हातारीला पोरांच्या मागे फार यातायात पडली.’ ती म्हणाली, “काका, गावात रस्ता नाही असं वर लिहिलंय. मग ट्रॅफिक कुठून आला?”