इतिहासाची साधने आता घरबसल्या
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाने कुलवृत्तान्ताची सुधारलेली आवृत्ती काढण्याचे योजिले आहे. त्या निमित्ताने, इतिहासाची जी साधने आज संगणकावर वा मोबाईलवर विनामूल्य वाचावयास मिळतात, त्यांविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली प्रसिद्ध केला. कागद मिळविण्यासाठी त्यांना गावोगाव पायपीट करावी लागली. त्या मालेचे खंड आज ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर उघडता येतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ही पाहण्याजोगे आहे. मात्र आडनाव टाकून शोधू जाल तर बहुधा निराशाच पदरी येईल. जुन्या छापील देवनागरीचे यंत्राने केलेले वाचन अजून सदोष असते. शिवाय जुन्या कागदांत माणसाची ओळख बापाच्या नावाने, गावाने वा वतनाने अधिक होते. तेव्हा गावाचे नाव धरून पाने उलटावीत, हे बरे.

आम्हांस खरा उपयोग झाला तो एका कोशाचा. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने शब्द शोधता येतील अशा रूपात ठेविला आहे. आमच्या घरी एक मोडी कागद होता. पहिल्या बाजीरावसाहेबांनी आमच्या मूळपुरुषास गावची ‘गुन्हेगारी’, म्हणजे दंड वसूल करण्याचा अधिकार, दिली असे वडीलधारी सांगत; कुलवृत्तान्तातही तसेच छापले आहे. जाणत्याकडून कागद वाचून घेतला, तो सन निघाला ‘सबैन मया व अलफ’. हा सुहूर सन 1170. त्यात 599 मिळविले की इसवी सन 1769 येतो. बाजीराव तर 1740 मध्येच निवर्तले होते! कागदात ‘हरकी’ असाही शब्द होता. दावा जिंकणाराने सरकारास द्यावयाची ती हरकी, आणि हरणाराने भरावयाचा दंड ती गुन्हेगारी. हरकी प्रतिपक्षाच्या नावे होती, गुन्हेगारी आमच्या. आमचे पूर्वज वतनाचा तंटा हरले होते.

घरातील मंडळींस हे रुचले नाही. थोरल्या काकूंनी तर दोन दिवस अबोला धरिला. तथापि नव्या आवृत्तीत तो मजकूर बदलावा, असे पत्र कागदाच्या छायाचित्रासह आम्ही संपादक-समितीस दिले आहे.

भोजनोत्तर शेजारच्या दालनात संगणक मांडला आहे. ज्यांनी घरचे मोडी रुमाल सोबत आणिले असतील, त्यांच्या कागदांची छायाचित्रे तेथे घेतली जातील व मूळ कागद लागलीच परत मिळतील.