पारुळकर परत आले, तांबे आले नाहीत

तिकोणा पेठेत, गडाच्या पायथ्याशी ट्रेकला आलेल्या मुलामुलींसमोर मी जे बोललो, त्याचं हे लिखित रूप. एपिसोड अर्धाच ऐकून झोपलेल्यांसाठी खास!

विषय आहे १९७१ च्या युद्धातल्या सुखोई-७ चा. पुण्याच्या लोहगाव तळावरून उडणारं सुखोई-३० तुम्ही पाहिलं असेल. सुखोई-७ त्याच्या कितीतरी आधीचं. सोव्हिएत बनावटीचं, एक इंजिन, एकच वैमानिक. काम मात्र बॉम्बरचं. दिवसाढवळ्या खाली यायचं, शत्रूच्या तळांवर आणि रणगाड्यांवर बॉम्ब, रॉकेट टाकायचे. खाली आलं की थेट विमानविरोधी तोफांच्या टप्प्यात. मागच्या सीटवर कुणी नाही. म्हणजे विमान पडलं तर त्या वैमानिकाचं काय झालं, हे सांगणारं सोबत कुणीच नाही.

त्या डिसेंबरात दोन मराठी आडनावं याच विमानातून गेली. ५ डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, शोरकोटच्या हवाईतळावर. आणि १० डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर. दोघांचीही विमानं पडली.

पारुळकर पकडले गेले आणि रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत पोचले. पुढची गोष्ट सिनेमासारखी आहे, त्यावर सिनेमा निघालाही. ऑगस्ट १९७२ मध्ये त्यांनी, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांनी भिंतीला भोक पाडलं आणि तिघे रात्री बाहेर पडले. पेशावर, तिथून लंडी कोतल. अफगाणिस्तानची हद्द काही मैलांवर. तिथे त्यांनी लंडी खाना रेल्वे स्टेशनची चौकशी केली. ते स्टेशन १९३२ सालीच बंद झालेलं! लोकांना संशय आला, तिघे पुन्हा पकडले गेले. पण १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून ते भारतात परतले. पारुळकर पुढे पुण्यात राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता तांबे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे म्हणजे राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच दिवसांत ढाक्याच्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली. त्यात एक नाव होतं, ‘फ्लाइट लेफ्टनंट टोम्बे’. स्पेलिंग चुकलं असेल, पण त्या घराला ते ओळखू येणारच ना?

कैदी परत आले, त्यात तांबे नव्हते. पाकिस्तानचं उत्तर एकच: असा कैदी आमच्याकडे नाही.

फरक कुठे पडला, ते नीट लक्षात घ्या. जिनिव्हा करार सांगतो की पकडलेल्या सैनिकाची माहिती कळवलीच पाहिजे, म्हणजे ती रेडक्रॉसमार्फत त्याच्या देशाला आणि घराला मिळते. नाव यादीत असलं की त्याचा देश तो माणूस मागू शकतो. पारुळकरांचं नाव यादीत होतं. ज्याचं नाव यादीत नाही, त्याला मागायचं कुणाकडे?

तांबे एकटे नाहीत. १९७९ मध्ये सरकारनं लोकसभेत अशा ४० जणांची यादी ठेवली. पुढे आकडा ५४ झाला. कॅनबेरा बॉम्बर घेऊन गेलेले ससून आणि अडवाणी हेही त्यात आहेत. १९८३ मध्ये नातेवाईकांना मुलतानच्या तुरुंगात नेलं. २००७ मध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत फिरून आले. हाती काही लागलं नाही. दमयंतीताईंनी दुसरं लग्न केलं नाही. दिल्लीत जेएनयूमध्ये नोकरी केली आणि शोध चालू ठेवला.

हे मी तिकोणा पेठेतच का सांगतोय? कारण हरवलेला माणूस म्हणजे काय, हे मावळाला चांगलं कळतं. कुणी दरीत पडलं की लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रची पोरं दोर घेऊन खाली उतरतात. माणूस जिवंत नसला तरी वर आणतात. का? घरच्यांना रडायला तरी काहीतरी लागतं म्हणून. ‘गेला’ हे ऐकणं भयंकर आहेच. पण ‘माहीत नाही’ हे पन्नास वर्षं रोज सकाळी उठून ऐकायचं, त्याला काय म्हणाल?

आणि एक सांगतो. ‘आपले ५४ जवान अजून जिवंत, शेअर करा’ असे फॉरवर्ड दर डिसेंबरात फिरतात. पाठवण्याआधी थांबा. पुरावा नसलेली एक ओळ त्या घरांत पुन्हा दार उघडते. आणि ‘जाऊ दे, जुनं झालं’ असंही म्हणू नका. त्यांच्यासाठी ते संपलेलंच नाही.

सरळ एवढंच करा. १९७१ ची गोष्ट सांगाल तेव्हा पारुळकरांच्या पळण्याचा किस्सा जरूर रंगवून सांगा. पण त्याच श्वासात विजय वसंत तांबे हे नावही घ्या, बरोबर उच्चारून. त्या वर्तमानपत्रानं ते चुकवलं होतं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. गड उतरताना जपून, निसरडं आहे.