पणजीचं नाव

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वही मिटली, तरी एक ताई जागच्या उठेचनात. त्यांची मुलगी यंदा तालुक्याच्या शाळेत जाते. तिला पणजीचं नाव ठेवलंय, जुन्या वळणाचं. वर्गातली पोरं चिडवतात. ती घरी येऊन म्हणाली, "आई, आधारवरचं माझं नाव बदल. आणि आजीला शाळेत पाठवू नको. ती मोठ्यानं हाक मारते." सांगताना ताईंना रडूच आलं.

आम्ही तरी काय सांगणार? आम्ही एक गोष्ट सांगितली. यांगसूक चोई या कोरियात जन्मलेल्या लेखिकेचं लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक आहे, 'द नेम जार', म्हणजे नावांची बरणी. ते २००१ साली आलं. उनहे ही मुलगी कोरियातून अमेरिकेत येते. शाळेच्या बसमध्ये पोरं तिचं नाव वेडंवाकडं उच्चारून हसतात. मग वर्गात ती नावच सांगत नाही, म्हणते, अजून ठरवलं नाही. वर्गातली मुलं काचेच्या बरणीत चिठ्ठ्या टाकतात, यातलं एखादं नाव घे म्हणून. पोरं वाईट नाहीत बरं का, त्यांना मदतच करायची असते. पण उनहेजवळ आजीनं दिलेला लाकडी शिक्का असतो, त्यावर तिचं नाव कोरलेलं. तिथल्या कोरियन दुकानाचे मालक, किमकाका म्हणू आपण, तिचं नाव ऐकून खूश होतात. वर्गातल्या जोईलाही तो शिक्का आवडतो. तिनं स्वतःचंच नाव ठेवावं म्हणून तो बरणीच लपवून ठेवतो! शेवटी उनहे आपलंच नाव निवडते.

या गोष्टीत तिला कुणी उपदेश करत नाही, ते आम्हाला फार आवडलं. आपण मात्र पोरींना लगेच रागावतो, "लाज वाटते का घरच्यांची?" म्हणून.

तेवढ्यात दुसऱ्या ताईंनी विचारलं, "मग नकुशीनंपण तेच नाव मिरवायचं का?" प्रश्न बरोबर होता. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात नकुशी नावाच्या २०० हून जास्त मुलींना नवी नावं मिळाली, तेव्हा तो आनंदाचाच दिवस होता. मायेनं ठेवलेलं नाव वेगळं आणि मुलगी नको होती म्हणून चिकटवलेलं वेगळं. जुनं म्हणून सगळंच जपायचं, असं आम्हीही म्हणत नाही.

त्या ताईंनी घरी जाऊन मुलीला उनहेची गोष्ट सांगितली. मुलीनं आजीला विचारलं, "माझी पणजी कशी होती?" आजीनं रात्री उशिरापर्यंत सासूबाईंच्या आठवणी काढल्या. त्या आसपासच्या गावांत बाळंतपणं करायला जायच्या, पावसाळ्यात ओढा उतरून, डोक्यावर गाठोडं घेऊन. ताईंनाही हे पहिल्यांदाच कळलं.

आधारचा अर्ज अजून ताईंच्या पिशवीतच आहे. परवा मुलगी डबा विसरली, तर आजी एसटीनं शाळेत पोचली. फाटकातून हाक मोठ्यानंच मारली म्हणे. पोरगी पळत आली.