कारखान्यातली पदवी
(गणेशोत्सवातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



बारावीनंतर काय, हा प्रश्न आज इथल्या बऱ्याच घरांत आहे. पदवी घ्यायची की हातात कसब, अशी निवड आपण उगाचच मुलांपुढे ठेवतो. दोन्ही एकत्र मिळू शकते, हे रेल्वेने फार पूर्वीच दाखवले आहे.

बिहारमधील जमालपूरला १८६२ साली रेल्वेचा कारखाना सुरू झाला. तेथे १९२७ पासून ‘स्पेशल क्लास रेल्वे ॲप्रेंटिस’ ही योजना चालली. शाळा संपवलेली हुशार मुले स्पर्धा परीक्षेतून निवडली जात. विद्यावेतन घेत ती वर्गात आणि कारखान्यात शिकत व पुढे मेकॅनिकल अधिकारी होत. ही भरती २०१५ नंतर बंद झाली. योगायोग असा, की त्याच २०१५ मध्ये इंग्लंडात ‘डिग्री ॲप्रेंटिसशिप’ सुरू झाली. विद्यार्थी कंपनीचा पगारी नोकर, शिक्षण विद्यापीठाचे आणि फीचा भार त्याच्यावर नाही. आपल्याकडेही २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमातच ॲप्रेंटिसशिप घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली.

याने काय साधते? मी डिप्लोमा करून रेल्वेत आलो, म्हणून कारखान्यातलेच उदाहरण देतो. गाडीचे चाक एक्सलवर दाबून बसवतात. एक्सल चाकाच्या भोकापेक्षा किंचित मोठा ठेवतात. पकड येते ती त्यामुळे. पुस्तकात हे दोन ओळींत संपते. पण २०० मिलिमीटर व्यासाचे पोलाद १० अंशांनी तापले, तर व्यास सुमारे ०.०२ मिलिमीटरने वाढतो. मशिनवरून उतरलेला गरम एक्सल तसाच मोजला, तर थंड झाल्यावर तो आकसतो आणि पकड कमी पडते. प्रेसवर दाबाचा आलेख निघतो. तो कसा चढला यावरून जोड पास की नापास ते ठरते. त्या जोडावर शेकडो प्रवाशांचा जीव असतो. प्रसरणाचे सूत्र वर्गात कळते, मोजण्याआधी थांबायचे असते हे कारखान्यात कळते. चांगल्या उत्पादन अभियंत्याला दोन्ही हवे.

पालकांनी मात्र प्रवेशापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पदवी कोणते विद्यापीठ देणार व ती मान्यताप्राप्त आहे का? विद्यावेतन आणि कामाचे तास लेखी करारात आहेत का? कारखान्यात शिकवणारा माणूस कोण? नाहीतर मुलगा वर्षभर फक्त माल उचलत राहतो. शिवाय १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याने प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधन मालकावर सरसकट नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि मुलगा किंवा मुलगी तेलकट कपड्यांत घरी आली, तर ‘शेजारी काय म्हणतील’ हा विचार करू नका. गणपती ही विद्येची देवता. याच दिवसांच्या आगेमागे, १७ सप्टेंबरला, आमच्याकडे कारखान्यांत विश्वकर्मा पूजा होते आणि हत्यारांना फुले वाहतात. आपल्या मुलांना दोघांचाही आशीर्वाद मिळो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!